गोदावरीच्या खोऱ्यातील गेंडा : अस्थी, मूर्ती आणि शब्द

नाशिकहून आग्रा रस्त्याने ईशान्येकडे निघाले म्हणजे सुमारे वीस किलोमीटरांवर बाणगंगेच्या काठी वसलेले ओझर लागते. निफाड तालुक्यातील हे गाव आज द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि १९६४ साली स्थापन झालेल्या विमानांच्या कारखान्यासाठी सर्वांस ठाऊक आहे. पाऊस बेताचा, डोंगर उघडे, नदीकाठची जमीन मात्र खोल आणि सुपीक, असा हा प्रदेश होय. या भूमीत एके काळी गेंडा वावरत होता काय, असा प्रश्न कोणी केला तर ऐकणाऱ्यास तो प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. गेंडा म्हटला की आसाम, ब्रह्मपुत्रेचा पूर आणि पुरुषभर उंचीचे गवत हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु प्रश्न जितका चमत्कारिक दिसतो तितका तो नाही. शिवाय त्याचे उत्तर कसे द्यावे यात इतिहाससंशोधनाच्या पद्धतीचे काही मूलभूत मुद्दे गुंतलेले आहेत, त्यामुळे त्याचा विचार सावकाशीने करणे इष्ट आहे.

ओझर ज्या तालुक्यात येते त्याच तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे बंधारा बांधला गेला, त्यामागे गाळ साचून उथळ पाणथळ तयार झाली, आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून या जागेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पक्षिनिरीक्षक येथे हिवाळ्यात गर्दी करतात. भूशास्त्रज्ञांस मात्र हे नाव त्यापूर्वीपासून परिचित आहे. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ साली गोदावरीच्या जुन्या गाळात सापडलेल्या एका नामशेष हत्तीच्या अवशेषांवर निबंध प्रसिद्ध केला. हे अवशेष याच परिसरातील होते. हत्तीची ही जात नर्मदेच्या गाळातील हत्तीशी एकरूप असल्याचे त्यांनी दाखविले. आज तिला पॅलिओलॉक्सोडॉन नामॅडिकस म्हणतात, आणि पृथ्वीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या भूचर सस्तन प्राण्यांत तिची गणना होते. पुढे ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगावाडी येथे व इतरत्र गोदावरीच्या काठांचे निरीक्षण करून पुराश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९५२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. म्हणजे प्रचंड हत्ती आणि त्याच काठांवर दगडी हत्यारे वापरणारा मानव, एवढे तरी निफाडच्या परिसरापुरते सिद्ध आहे. ज्या भूमीने असा हत्ती पोसला ती भूमी आजच्यासारखी उघडी नव्हती हे सांगावयास नको.

हत्तीच्या सोबतीस गेंडा असावा असे अनुमान करणे सोपे आहे. पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. एखादा प्राणी एखाद्या प्रदेशात होता असे म्हणण्यासाठी तीन प्रकारची साधने सामान्यतः वापरली जातात : त्याच्या अस्थी, त्याची चित्रे अथवा मूर्ती, आणि त्याचे नाव किंवा वर्णन करणारा मजकूर. या तिन्हींचे मूल्य सारखे नाही. अस्थी जिथे सापडते तिथे किंवा त्याच्या आसपास प्राणी होता. मूर्ती जिथे सापडते तिथे मूर्तीचा धनी होता. शब्द जिथे सापडतो तिथे, फार तर, तो शब्द समजणारा कोणीतरी होता. हा भेद वरकरणी उघड वाटला तरी गेंड्यासंबंधीच्या लेखनात त्याचा विसर वारंवार पडलेला दिसतो, आणि नकाशांवर मूर्तीचे ठिपके व अस्थींचे ठिपके एकाच शाईने उमटविले जातात.

प्रथम अस्थींकडे वळावे. दख्खनच्या पठारावर गेंडा होता याचा पहिला भक्कम पुरावा गोदावरीच्या नव्हे, कृष्णेच्या खोऱ्यातून आला. १८६३ साली मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातील पहिले पुराश्मयुगीन हत्यार ओळखणारे रॉबर्ट ब्रूस फूट यांना बेळगाव जिल्ह्यात, गोकाकजवळच्या चिकडौली येथे घटप्रभेच्या खोऱ्यातील गाळात गेंड्याचे अश्मीभूत अवशेष मिळाले. १८७४ साली त्यांनी या प्राण्यास ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कानेन्सिस’ म्हणजे दख्खनचा गेंडा असे नाव दिले. बेळगाव त्या काळी मुंबई इलाख्यात होते; तेव्हा मराठी मुलुखाच्या दक्षिण सीमेवर गेंड्याची ओळख पटून आता दीडशे वर्षे लोटली, असे म्हणावयास हरकत नाही. उत्तरेकडे नर्मदेच्या गाळातही गेंड्याचे अवशेष आढळले असून त्यावरून नामॅडिकस ही जात कल्पिली गेली होती. पुढे ती आजच्या एकशिंगी गेंड्याहून निराळी नसावी असे मत पुढे आले. आग्नेयेस कर्नूलच्या गुहांतील अवशेषांवर रिचर्ड लिडेकर यांनी १८८६ साली आणखी एका जातीचे वर्णन केले. अशा रीतीने गोदावरीच्या दक्षिणेस गेंडा आहे आणि उत्तरेसही आहे. मधला प्रदेश त्याला वर्ज्य होता असे मानण्यास भौगोलिक कारण कोणतेच दिसत नाही. प्लायस्टोसीन काळापुरते हे अनुमान पुरेसे बळकट आहे.

तथापि तो काळ फार मागचा. खरा वाद आहे तो शेतकरी मानवाच्या काळाचा, म्हणजे गेल्या चार-साडेचार हजार वर्षांचा. या काळात पश्चिम भारतात गेंडा जिवंत होता याचा अस्थिगत पुरावा गुजरातेत मिळतो. १९४४ पासून सांकलिया व इरावती कर्वे यांनी मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे उत्खनन केले. तेथील सूक्ष्मास्त्रधारी लोकांच्या वसतीत गेंड्याच्या खांद्याचे हाड सापडले. त्या हाडावर बारीक खळगे पडलेले होते, आणि ते दगडी पाती घडविताना ऐरणीसारखे वापरले गेले असावे असे फ्रेडरिक झॉयनर यांनी १९५२ साली दाखवून दिले. ही नोंद मोलाची आहे. ऐरण म्हणून वापरण्याजोगे जड, ओबडधोबड हाड कोणी लांबून व्यापारी मालासारखे वाहून आणील हे संभवत नाही. शिंगाची गोष्ट वेगळी, कातड्याची वेगळी. खांद्याचे हाड हे शिकारीच्या जागेपासून फार दूर जात नाही. राजस्थानात कालीबंगन येथील हडप्पाकालीन थरांतून एकशिंगी गेंड्याचे अवशेष ओळखले गेले व १९७३ साली प्रसिद्ध झाले; गुजरातेतील काही हडप्पाकालीन वसाहतींच्या हाडांतही डेक्कन कॉलेजातील प्राणिशास्त्रज्ञांना गेंडा आढळला. आज जेथे वाळवंट किंवा त्याच्या सीमेवरचा रुक्ष प्रदेश आहे तेथे चार हजार वर्षांपूर्वी चिखलात लोळणारा हा प्राणी होता, हे आता निर्विवाद मानले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर दायमाबादचा गेंडा समजून घ्यावा लागतो. नांदूर मधमेश्वरहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास टोके येथे प्रवरा तिला मिळते. या प्रवरेच्या डाव्या तीरावर, अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे उजाड गाव आहे. १९५८ साली बोपर्डीकर यांनी या स्थळाचा शोध लावला. त्यानंतर १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५-७६ पासून १९७८-७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी येथे उत्खनने केली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे असे पाच सांस्कृतिक थर येथे एकावर एक आढळले. गोदावरी खोऱ्यातील ताम्रपाषाणयुगाचा इतका सलग आलेख दुसऱ्या कोणत्याही एका स्थळी मिळत नाही.

१९७४ साली गावातील एका भिल्ल शेतकऱ्यास जमीन खणताना धातूच्या चार मूर्ती एकत्र सापडल्या. दोन बैल जोडलेला व सारथ्यासह असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चारही मूर्ती भरीव ओतकामाच्या आहेत आणि त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमांहून अधिक भरते. रथ ४५ सेंटिमीटर लांब असून त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. रेडा ३१ सेंटिमीटर उंच, हत्ती २५ सेंटिमीटर. गेंडा या सर्वांत ठेंगणा. उंची १९ सेंटिमीटर व लांबी २५. तो दोन आडव्या दांड्यांवर उभा आहे, प्रत्येक दांडी एका आसास जोडलेली आहे आणि आसांना भरीव चाके आहेत. हत्तीच्या बैठकीची चाके मात्र हरवली आहेत. ही खेळणी नव्हेत हे वजनावरूनच कळते. कोठल्या तरी मिरवणुकीत वा विधीत त्या ओढल्या जात असाव्यात असे अनेकांनी सुचविले आहे. परंतु विधी कोणता, देवता कोणती, हे सांगण्याचे साधन नाही, आणि त्याबद्दल लिहिले गेलेले बरेचसे लेखन कल्पनेच्या प्रांतात मोडते.

मूर्तींचा काळ कोणता, हा वाद अजूनही पुरता मिटलेला नाही. त्या शास्त्रीय उत्खननात नव्हे तर अकस्मात हाती लागल्या, ही पहिली अडचण. साळी यांनी सापडल्या जागेची तपासणी करून त्या उत्तर हडप्पा थराशी, म्हणजे सुमारे इ. स. पू. २००० ते १८०० या काळाशी जोडल्या. म. के. ढवळीकर यांनीही त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या आणि हडप्पा संस्कृतीशी त्यांचे नाते दाखविण्याचा प्रयत्न केला. याउलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या रासायनिक पृथक्करणाचा आधार घेऊन शंका उपस्थित केली. मूर्तींच्या तांब्यात सोमलाचे म्हणजे आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे. अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते तसे आढळत नाही. म्हणून या मूर्ती त्या काळाच्या नसाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद. यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे की हडप्पा संस्कृतीच्या काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक मिळते. तेव्हा हे पृथक्करण मूर्तींना दख्खनी ताम्रपाषाणयुगापासून दूर नेत असले तरी हडप्पा परंपरेपासून दूर नेत नाही.

येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे, कारण दोन्ही पक्षांनी एकाच पुराव्यातून निरनिराळे निष्कर्ष काढले असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. मूर्ती स्थानिक ताम्रपाषाणयुगीन कारागिरीच्या नेहमीच्या मालिकेत बसत नाहीत. दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरात हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा व खापरे मिळाली आहेत, आणि कच्च्या विटांनी बांधलेली एक कबरही. म्हणजे उत्तरेकडील, बहुधा गुजरातमार्गे आलेल्या लोकांची वसती प्रवरेच्या काठी होती हे मूर्तींच्या साक्षीशिवायही सिद्ध होते. या लोकांच्या मूळ भूमीत गेंडा हा परिचित प्राणी होता. मोहेंजोदारो व हडप्पा येथील मुद्रांवर त्याची आकृती वारंवार येते. खांद्यावरच्या व कमरेवरच्या कातड्याच्या घड्या त्या मुद्रांवर इतक्या नेमक्या कोरल्या आहेत की कोरणाऱ्याने प्राणी डोळ्यांनी पाहिला असला पाहिजे. पक्वमृत्तिकेचे गेंडेही तेथे सापडतात. तेव्हा दायमाबादची मूर्ती उत्तर हडप्पाकालीन मानली तर तिच्यातून निघणारा सर्वांत सरळ निष्कर्ष हा की गेंड्याची प्रतिमा गोदावरीच्या खोऱ्यात आली. गेंडा तेथे होताच असा नव्हे. लोक आपल्या देवतांची वाहने, सणांची रूपे आणि पूर्वजांच्या भूमीतील प्राणी सोबत नेतात. महाराष्ट्रात ज्या ज्या देवळांत सिंह कोरले आहेत त्या त्या गावी सिंह हिंडत होते असे कोणी मानीत नाही.

सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंड्यापुढे पुष्कळदा गव्हाणीसारखे पात्र दाखविलेले असते. त्यावरून तो पाळीव होता असे अनुमान काही जणांनी केले. ते मान्य होणे कठीण, कारण मुद्रांवर वाघापुढेही असेच पात्र आढळते. परंतु प्राणी पकडून ठेवला जात असे, एवढे त्यावरून संभवनीय ठरते. आणि बंदिस्त गेंडा हा आपल्या अरण्यापासून फार दूरवर जाऊ शकतो, याची ऐतिहासिक काळातील उदाहरणे मराठी वाचकाच्या अगदी जवळची आहेत. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फर याने १५१४ साली पोर्तुगीजांना एक गेंडा भेट दिला. अफोन्सो द आल्बुकर्कने तो गोव्याहून युरोपला रवाना केला आणि मे १५१५ मध्ये तो लिस्बनला पोहोचला. तेथे राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्ती पळून गेला. या प्राण्याचे वर्णन व एक रेखाचित्र जर्मनीत पोहोचले आणि आल्ब्रेख्त ड्यूररने प्राणी न पाहताच त्याचे सुप्रसिद्ध लाकडी ठशाचे चित्र तयार केले. पोर्तुगीजांनी त्या प्राण्यास ‘गांडा’ म्हटले. आपला गेंडा हा शब्दच तेथपर्यंत गेला. पोपकडे पाठविताना १५१६ साली जहाज बुडून तो मेला. उद्या एखाद्या संशोधकास न्यूरेंबर्गच्या मातीत ड्यूररच्या ठशाची प्रत सापडली तर जर्मनीत गेंडे होते असे तो म्हणेल काय? एकोणिसाव्या शतकात बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारी गेंड्यांच्या झुंजी होत असत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने १८६० च्या दशकात त्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. मराठी राजधानीत गेंडे होते, हे खरे. पण ते गुजरातेतील अरण्यातले नव्हते, मुद्दाम आणविलेले होते.

शब्दांची साक्ष याहूनही निसटती आहे. संस्कृतात गेंड्यास खड्ग, खड्गी आणि गंडक ही नावे आहेत. मनुस्मृतीत पाच नखांच्या भक्ष्य प्राण्यांत त्याची गणना असून श्राद्धातही त्याचे मांस प्रशस्त सांगितले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ज्या वन्य पशूंचे कातडे, हाडे, शिंगे इत्यादी राजाने जमा करावीत त्यांत खड्ग येतो, आणि तलवारीच्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या कराव्यात असाही उल्लेख आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत ‘पलसते’ असे नाव आहे; ब्यूलर यांनी त्याचा अर्थ गेंडा असा केला, इतरांनी तो मानला नाही. गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या एका सुवर्णनाण्यावर घोड्यावरून गेंड्यावर वार करणारा राजा आहे आणि लेखात खड्ग या शब्दावर श्लेष साधला आहे : तलवार आणि गेंडा. जैन परंपरेत अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचे लांछन गेंडा हेच होय. हे सर्व उल्लेख भारतीय मनातील गेंड्याचे स्थान सांगतात. भूगोल सांगत नाहीत. मराठीत ‘गेंड्याच्या कातडीचा’ हा वाक्प्रचार आजही रूढ आहे आणि गेंड्याच्या कातड्याची ढाल मराठ्यांच्या शस्त्रागारात मोलाची समजली जाई. ज्याने आयुष्यात गेंडा पाहिला नाही त्याच्या तोंडी हा शब्द सहज बसतो, याचे कारण कातडे बाजारात मिळते आणि म्हण फुकट मिळते. शिबानी बोस यांच्या प्राचीन भारतातील महाकाय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात (२०२०) वाङ्मय, कला व अस्थी ही साधने शेजारी ठेवून तपासली आहेत. अशा कामाची वाण आजवर फार होती.

चित्रांचा आणखी एक वर्ग उल्लेखिला पाहिजे. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटका उजेडात आणल्यापासून मध्य भारतातील शैलाश्रयांच्या चित्रांचा पुष्कळ अभ्यास झाला असून त्या चित्रांत गेंडा निःसंशय आहे. कोकणात रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर अलीकडे शेकडो खोदचित्रे प्रकाशात आली. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्यांचा समावेश झाला. त्यांतील काही आकृती गेंड्याच्या असल्याचे अभ्यासकांनी म्हटले आहे. शैलचित्रांचे मोल मूर्तीहून थोडे अधिक मानावे लागेल, कारण कातळ कोणी उचलून नेत नाही. परंतु कोकणातील खोदचित्रांचा काळ निश्चित होईपर्यंत त्यांस गेंड्याच्या इतिहासात बसविणे घाईचे होईल.

मग ताम्रपाषाणयुगात गोदावरीच्या काठी गेंडा नव्हताच, असे म्हणावयाचे काय? तसेही म्हणता येत नाही, आणि याचे कारण प्राण्याच्या जीवनपद्धतीत आहे. एकशिंगी गेंडा उंच गवत, दलदल आणि डबकी यांवर जगतो. अंग थंड ठेवण्यासाठी त्याला दिवसाचा बराच वेळ पाण्यात वा चिखलात घालवावा लागतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असे स्थान सर्वत्र मिळणे शक्य नव्हते. ते मिळत असेल तर नदीच्या काठच्या अरुंद पट्ट्यात, जेथे गाळ साचतो व वेत, लव्हाळे, नळ वाढतात. आता ताम्रपाषाणयुगातील वसाहती कोठे आहेत हे पाहावे. जोर्वे, नेवासे, दायमाबाद, नाशिक, साऱ्या नदीकाठी. दूरच्या काळ्या जमिनीकडे हा शेतकरी क्वचितच वळला. त्याच्या हाती लोखंडाचा फाळ नव्हता. भीमेच्या खोऱ्यातील घोड नदीवर इनामगाव येथे तर त्याने नदीचे पाणी वळविण्यासाठी पाट व बांध घातल्याचे उत्खननात दिसून आले. म्हणजे गेंड्यास हवी असलेली भूमी आणि पहिल्या शेतकऱ्यास हवी असलेली भूमी ही दख्खनमध्ये एकच होती, आणि ती फार थोडी होती. गंगेच्या वा ब्रह्मपुत्रेच्या विस्तीर्ण मैदानात शेतकरी आला तेव्हा प्राणी मागे सरकू शकला. प्रवरेच्या काठी मागे सरकावयास जागाच नव्हती; मागे उघडा, कोरडा माळ होता.

हवामानाचा भागही यात विसरता येत नाही. सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पर्जन्यमानात मोठी घट झाली असे मानले जाते. मेघालयातील एका गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभावरून निश्चित केलेला हा टप्पा २०१८ साली भूशास्त्रीय कालगणनेत ‘मेघालयन’ या नावाने स्वीकारला गेला. इ. स. पू. १००० च्या सुमारास जोर्वे संस्कृतीच्या बहुतेक वसाहती ओस पडल्या, त्याचे कारणही ढवळीकर यांनी वाढत्या कोरडेपणात शोधले. ओल्या काळात उरलेले थोडे गेंडे कोरड्या काळात त्या पट्ट्यात माणसासमोर सापडले असतील, तर त्यांचा अंत होण्यास कित्येक पिढ्यांची गरज नव्हती. गेंड्याची मादी सुमारे सोळा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. दोन वितांमध्ये सामान्यतः तीन वर्षांचे अंतर पडते. अशा प्राण्याच्या लहान समूहातून दरवर्षी एक-दोन मारले गेले तरी समूह संपतो. शिकारी फार असावे लागत नाहीत.

सिंधूच्या पश्चिमेस हेच घडले, पण पुष्कळ उशिरा आणि साक्षीदारांसमोर. बाबराने १५१९ साली सिंधूजवळच्या झुडपी प्रदेशात गेंड्याची शिकार केली व पुढे आपल्या आत्मचरित्रात या प्राण्याचे बारकाईने वर्णन केले. आज तेथे गेंडा नाही, आणि नसल्याबद्दल कोणास आश्चर्यही वाटत नाही. विसरण्याचा वेग असा असतो.

हा प्रश्न केवळ पुराविदांच्या कुतूहलाचा नाही, हे गेल्या शंभर वर्षांच्या संरक्षणकार्यावरून दिसून येते. विसाव्या शतकाच्या आरंभी काझीरंगात गेंडे जेमतेम डझनभर उरले आहेत असे समजले जात होते. १९०८ साली ते राखीव वन झाले, १९५० साली वन्यजीव अभयारण्य आणि १९७४ साली राष्ट्रीय उद्यान. दायमाबादचा गेंडा मातीतून वर आला तेही हेच वर्ष. योगायोगास अर्थ नसतो, पण हा लक्षात राहण्यासारखा आहे. १९६६ च्या गणनेत काझीरंगात ३६६ गेंडे मोजले गेले; २०२२ च्या गणनेत २,६१३. भारत व नेपाळ मिळून त्या वर्षी ही संख्या चार हजारांवर गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये आसाम सरकारने बोकाखात येथे साठवणीतील २,४७९ शिंगे जाळून टाकली; शिंगास बाजारमूल्य नाही असे जगास सांगण्याचा तो मार्ग होता. परंतु एकाच जातीचे बहुसंख्य प्राणी एका नदीच्या एका काठावर असणे धोक्याचे आहे. पूर आला म्हणजे काझीरंगाचे प्राणी हमरस्ता ओलांडून कार्बी डोंगरांकडे जातात. रोगाची साथ आली तर कोठे जातील, याचे उत्तर नाही. म्हणून गेंड्यांचे नवे समूह वसविण्याचा विचार झाला. १९८४ साली उत्तर प्रदेशातील दुधवा येथे गेंडे नेऊन सोडले गेले. मानस येथे १९९० च्या दशकातील अशांततेत गेंडे नामशेष झाले होते, तेथे २००८ पासून ते पुन्हा आणले गेले.

प्राणी कोठे सोडावा हे ठरविताना ‘पूर्वी तो येथे होता’ हा युक्तिवाद पहिल्याने पुढे येतो. दुधव्याच्या तराईत तो युक्तिवाद बळकट होता, कारण त्या भागात गेंडा एकोणिसाव्या शतकापर्यंत होता आणि त्याच्या शिकारींच्या नोंदी होत्या. केस रूकमाकर यांनी दक्षिण आशियातील गेंड्याच्या अशा नोंदी आयुष्यभर गोळा केल्या असून २०२४ साली त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. ऐतिहासिक नोंद कशी तपासावी याचा वस्तुपाठ म्हणून तो ग्रंथ इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही चाळावा. दायमाबादच्या मूर्तीचा उपयोग कोणी असा करू लागेल तर मात्र तो मूर्तीवर अन्याय होईल. तिचे मोल निराळे आहे. सिंधूच्या खोऱ्यातून निघालेल्या माणसांनी शेकडो कोस दूर, जेथे बहुधा त्यांच्या मुलांनी तो प्राणी पाहिलाही नसेल, तेथे कित्येक किलो तांबे ओतून त्याला चाकांवर उभे केले. तांबे त्या काळी स्वस्त नव्हते.

उरलेला पुरावा मिळावयाचा असेल तर तो मातीतच मिळेल. ओझरजवळच्या बाणगंगेपासून नांदूर मधमेश्वरपर्यंत आणि तेथून टोक्यापर्यंत गोदावरी व तिच्या उपनद्यांच्या काठांवर जुन्या गाळाचे कडे जागोजाग उघडे पडलेले आहेत. वाळूचा उपसा आणि काठांची सपाटी यांमुळे ते झपाट्याने नाहीसे होत आहेत, तेव्हा त्यांची पाहणी प्रतिवर्षी पावसाळ्यानंतर होणे अवश्य आहे. हाडांचे तुकडे ओळखणे नवख्यास कठीण जाते, परंतु दात टिकतात आणि दातांवरून चूक होण्याचा संभव थोडा. हत्तीच्या दाढेवर समांतर आडव्या पट्ट्या असतात. बैलाच्या दाढेवर चंद्रकोरीच्या आकाराच्या रेषा दिसतात. गेंड्याची वरची दाढ मात्र झिजल्यावर पृष्ठावर ग्रीक ‘पाय’ या अक्षरासारखी दिसते : बाहेरच्या बाजूस एक सलग भिंत, आणि तिच्यापासून आत उतरणारे दोन आडवे कणे.